संक्षेप आणि सम्मावाचा

केज येथील एका पदवी वर्गातील विद्यार्थिनीचे टिपण अभिप्रायार्थ आमच्याकडे आले. विषय दुहेरी आहे : मोजक्या साधनांत उभा राहणारा, ज्याला ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात तो चित्रपट, आणि मोबाईलवरील संदेशांनी भाषेत घडविलेला पालट. आधारासाठी तिने चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घेतला आहे. तिचे प्रतिपादन असे की, चित्रपटाने पाल्हाळ टाकला, संदेशानेही टाकला. दोहोंचा गुण एकच. सबब संदेशांमुळे भाषा दरिद्री होते ही वडीलधाऱ्यांची ओरड निराधार आहे. टिपण बुद्धिमान आहे, म्हणूनच त्याची चिकित्सा करणे आम्ही कर्तव्य समजतो.

प्रथम तिचे जेथे बरोबर आहे ते सांगू. लघुरूपांना भिण्याचे पालीच्या अभ्यासकास कारण नाही. तिपिटकाच्या छापील आवृत्त्यांत ‘पे’ हे अक्षर जागोजाग भेटते. ‘पेय्याल’ या शब्दाचे ते संक्षिप्त रूप. पूर्वी आलेला पाठ येथे तसाच समजावा, असा त्याचा अर्थ. ज्याला मूळ पाठ मुखोद्गत आहे त्याच्यासाठी हा संक्षेप पूर्णच असतो. तेव्हा ‘जयभीम’ न लिहिता कोणी निळी खूण पाठविली म्हणून भाषा बुडत नाही. खुणेमागचा इतिहास दोघांनाही ठाऊक असला म्हणजे झाले.

परंतु किती गाळले एवढेच ती मोजते. कोणी गाळले, आणि गाळलेले पुन्हा भरून काढता येते काय, हे ती विचारीत नाही. ‘कोर्ट’ तर नेमका याच प्रश्नावर उभा आहे.

नारायण कांबळे या लोकशाहिरावर (भूमिका : वीरा साथीदार) आरोप असा की, त्याच्या गीताने वासुदेव पवार या गटार-कामगारास आत्महत्येस प्रवृत्त केले. वासुदेवचा मृत्यू पडद्यावर दिसत नाही. दिसते ती साक्ष देणारी त्याची पत्नी. नवरा उतरण्यापूर्वी गटारात खडा टाकून पाही, झुरळ बाहेर आले तर आत हवा आहे असे समजे. दुर्गंधी सोसण्यासाठी दारू पिई. तिचा स्वर चढत नाही, आणि चित्रण तिचे अश्रू शोधीत नाही. हा संक्षेप दिग्दर्शकाचा. गाळलेली जागा त्याने प्रेक्षकाच्या स्वाधीन केली आहे. उदानातील बाहिय दारुचीरियास केलेल्या उपदेशाचे येथे स्मरण होते : पाहिलेल्यात आपल्या पदरची भर घालू नये.

त्याच न्यायालयात दुसराही संक्षेप चालू असतो. न्यायाधीश कामकाजाचा सारांश इंग्रजीत सांगतात आणि तो टंकलिखित होतो. बोलणाऱ्याची भाषा एक, नोंदीची दुसरी. नोंदीत न आलेले जणू घडलेच नाही. हा संक्षेप सत्तेचा. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची अनुज्ञा मागितली, ती भगवंतांनी नाकारली, असे विनयपिटक सांगते. स्वतःच्या भाषेत शिकावे, या अनुज्ञेचा अर्थ अट्ठकथाकार निराळा लावतात; तरी छंदस् भाषेस दिलेला नकार निःसंदिग्ध आहे.

मग मोबाईलचा संदेश कोणत्या प्रकारचा? तो आखूड असतो, पण थोडा नसतो. एकामागून एक येत राहणाऱ्या अशा बोलण्यास आपल्या परंपरेत ‘सम्फप्पलाप’ हे नाव आहे. विद्यार्थिनीने प्रामाणिकपणे नोंदविले आहे की, चित्रपट तिने मोबाईलवरच खंड पाडीत पाहिला आणि त्या साक्षीच्या वेळी दोनदा संदेश उघडले. टिपणातील हे वाक्य आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. दुर्दैवाने तिने ते तेथेच सोडले.

केजच्या वाचकास दूरचा दाखला नको. तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी अपहरण होऊन खून झाला. मार्च २०२५ मध्ये त्या अत्याचाराची छायाचित्रे मोबाईलवर फिरली. त्यामुळे लोकक्षोभ जागा झाला, हे खरे. परंतु पुढे पाठविताना, त्यांच्या लेकरांच्या दृष्टीस हे पडेल, असा विचार कितीजणांनी केला? वचन सत्य आहे काय, हितकर आहे काय, वेळ योग्य आहे काय, ही अभयराजकुमारसुत्तातील कसोटी आहे. बोटाच्या एका स्पर्शात तिला अवसर कोठून मिळणार?

आपल्या समाजास हा प्रश्न अधिक लागू आहे. आपला इतिहास इतरांनी गाळलेला इतिहास होता. त्या मौनाविरुद्धच बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढले. आज त्यांच्याच नावाखाली, ना ग्रंथ ना पृष्ठ, अशी वाक्ये विहाराच्या गटांतून फिरतात. श्रद्धेने पाठविलेले असत्यही मुसावादाच्या वाटेवरच नेते. तेथे गाळलेले भरून काढण्यास मूळ पाठच हाती नसतो.

विद्यार्थिनीस आमची सूचना एवढीच : मोबाईल दूर ठेवून हा चित्रपट एका बैठकीत, शक्य तर चारचौघांसह पाहावा. वासुदेवच्या पत्नीची साक्ष, नोंदीत येईल तेवढी नव्हे तर ऐकली तशी, आपल्या केजच्या बोलीत लिहून काढावी. मग टिपण पुन्हा लिहावे. आम्ही ते याच पृष्ठांत आनंदाने छापू.