सहा रूपकांचे तेल

राहुरीची आख्यायिका नेवाशाशी बांधलेली आहे. मोहिनीने अमृत वाटले ते नेवाशात. देवांच्या पंक्तीत लपून बसलेल्या राहूचे शिर उडून पडले ते राहुरीत, आणि काया पडली गोदावरीपल्याड कायगावात. त्यामुळे राहुरीचा माणूस नेवाशाला जातो तेव्हा मोहिनीराजाचे दर्शन आधी घेतो. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी अठराव्या शतकात उभारलेले ते देऊळ कोरीवकामाने नटलेले आहे. ते डोळे भरून पाहावे. पण मला लिहायचे आहे ते गावाबाहेरच्या एका खांबाविषयी.

शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही वारकऱ्यांची श्रद्धा. शक आणि लेखकाचे नाव तर ग्रंथाच्या शेवटीच आले आहे. खांबावर नक्षी नाही. वर-खाली गोल, मध्ये चौकोनी, आणि त्या चौकोनी भागावर संस्कृत लेख. ज्या करवीरेश्वराच्या देवळाचा हा खांब, ते देऊळ गेले. आज दिसते ते मंदिर गेल्या शतकात बन्सी महाराज तांबे यांच्या खटपटीतून त्याच्याभोवती उभे राहिले. लेखिका दुर्गाबाई भागवतांनाही या खांबाने लिहिते केले. त्यांच्या ‘पैस’ या लेखसंग्रहाला 1971 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आता तो लेख पाहा. आरंभी करवीरेश्वराला नमन. मग अखंड दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या सहा रूपकांचा उल्लेख. आणि हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालवावे, अशी विनवणी. बस्स. या लेखाची थोरवी मला त्याच्या मापात दिसते. एका बाजूला सहा नाणी, दुसऱ्या बाजूला चंद्रसूर्य. आणि या दोहोंना जोडणारी गोष्ट कोणती, तर रोजचे तेल. ज्याला एवढ्या लहान दानासाठी एवढी लांब मुदत मागावीशी वाटली, त्याचा पुढच्या माणसांवर केवढा विश्वास असेल! आपण न पाहिलेले कुणीतरी येईल, वाचेल आणि तेल घालील, हे त्याने धरूनच चालले आहे. ज्ञानदेवांची पाठ टेकली ती अशा विश्वासाच्या दगडाला, या विचाराने मी दर वेळी भारावतो.

प्राचीन पवित्र जागी कसे वागावे, हे मला हाच लेख सांगतो. जे चालत आले ते तुटू देऊ नका, इतकेच तो मागतो. आपले नाव कोरायला त्यात जागा नाही. अक्षरे नीट दिसावीत म्हणून त्यांवर नाण्याने घासणे, त्यांत कुंकू भरणे, त्यांवर मोबाइलचा झोत मारणे, हे सारे त्या विनवणीच्या विरुद्ध जाते. पारायणाला बसलेल्यांच्या आणि खांबाच्या मधून फोटोसाठी वाट काढणाऱ्याला मी थांबवतो, आणि थांबवावेच असे माझे मत आहे. त्यापेक्षा ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा शेवट सोबत न्यावा आणि तिथे बसून वाचावा. शक, राजा, क्षेत्र, लेखक यांची नोंद करणाऱ्या त्या ओव्या खांबावरच्या लेखाच्या शेजारी ठेवून वाचल्या की एकाच परंपरेतल्या दोन नोंदी समोर येतात.

परतताना प्रवरेच्या काठाकडेही पाहावे. इथल्या लाडमोड टेकाडावर डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी 1954 ते 1956 या काळात उत्खनन केले. नदीकाठच्या थरांत मिळालेल्या अश्मयुगीन हत्यारांवरून एका हत्यारपरंपरेला नेवाशाचेच नाव मिळाले. पायाखाली एखादे खापर दिसले तर ते खिशात घालू नये. कोणत्या थरात सापडले, यावरून त्याचा काळ ठरवायला मोठी मदत होते. घरच्या कपाटात ते मुके होते.