नवी आवृत्ती आणि जुने सवंगडी

खेळाचे नियम सांगणारे पुस्तक हा वाङ्मयाचा प्रकार मानावा की नाही, यावर आपल्याकडे कोणी वाद घातल्याचे मला आठवत नाही. पटाबरोबर मिळणारा नियमांचा कागद आपण वाचतो न वाचतो तोच हरवतो, आणि पत्त्यांच्या जोडाबरोबर तर तोही कोणी मागत नाही. असे असता ३८४ पानांचे एक नियमांचे पुस्तक भर दिवाळीत एखाद्या तरुणाचे तोंड उतरवू शकते, हे गेल्या वर्षापर्यंत मला कोणी सांगितले असते तर मी ते हसण्यावारी नेले असते.

माझा भाचा विरारला राहतो. शनिवारी रात्री त्याच्या घरी पाच जण जमतात. कोणी नालासोपाऱ्याहून येतो, कोणी वसईहून. एक तर डोंबिवलीला राहायला गेला, तरी दोन गाड्या बदलून येतो. जो खेळ ते खेळतात त्याचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली तो तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध केला. एकाने सूत्रधार व्हायचे, बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे. सूत्रधार प्रसंग उभा करतो, आपले पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, आणि बेत जमला की फसला याचा निवाडा वीस बाजूंचा फासा करतो. दशावतारात कथा ठरलेली असते, पण संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे असतात. त्याच जातीचा हा प्रकार, मात्र येथे कथेचा शेवटही कोणाला ठाऊक नसतो.

भाच्याचे पात्र अर्ध-ऑर्क होते. ऑर्क म्हणजे आडदांड, सुळे असलेल्या योद्ध्यांची एक कल्पित जमात. अर्ध-ऑर्काचे अर्धे रक्त माणसाचे. सहा वर्षे भाच्याने हा गडी सांभाळला होता. त्याच्या जखमा, त्याची देणी, त्याचे वैरी, सारे एका वहीत लिहिलेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंसाठीचे नवे पुस्तक आले. त्यात ऑर्क आहे, अर्ध-ऑर्क नाही.

“मामा, आमचा माणूसच काढून टाकला त्यांनी,” तो म्हणाला, आणि चिवड्याची बशी तशीच ठेवून बाहेर गेला.

टीकाकाराने आधी प्रतिपक्षाची बाजू नीट मांडावी. जुन्या पुस्तकातली पात्रे नव्या नियमांबरोबर चालवायला प्रकाशकांनी मज्जाव केलेला नाही. शिवाय ‘वंश’ या अर्थाचा जुना शब्द काढून त्या जागी ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द त्यांनी घातला, तो विचारपूर्वकच. रक्तावरून स्वभाव ठरवण्याची खोड करमणुकीतूनही जावी, हे मला मान्य आहे. पण दोन घरांच्या उंबरठ्यावर वाढलेला, दोन्हीकडे थोडा परका असलेला जो गडी, त्यालाच नेमके पुस्तकाबाहेर ठेवण्यात रसिकपणा कमी पडला असे मला वाटते. त्या पात्रातच तर कथेचे बीज होते.

भाच्याला दिलासा द्यावा म्हणून मी या खेळाच्या आवृत्त्यांचा इतिहास चाळला. दुसरी आवृत्ती १९८९ ची, तिसरी २००० ची, चौथी २००८ ची. या चौथीवर झालेला वाद वाङ्मयाच्या अभ्यासकानेही पाहण्याजोगा आहे. त्या आवृत्तीत तलवारबहाद्दराला मांत्रिकाइतकेच डावपेच मिळाले, आणि सूत्रधाराची पूर्वतयारी हलकी झाली. हे दोन्ही गुण खरे. तरीही पुष्कळ जुने खेळाडू बिथरले. सगळी पात्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात आणि कथेपेक्षा पटावरची घरे मोजण्यातच वेळ जातो, अशी त्यांची तक्रार होती. पुढच्याच वर्षी, २००९ साली, दुसऱ्या एका प्रकाशनसंस्थेने जुन्या तिसऱ्या आवृत्तीच्या नियमांवरच ‘पाथफाइंडर’ नावाचा खेळ काढला, आणि दुखावलेले खेळाडू तिकडे वळले. एका घराची दोन बिऱ्हाडे झाली.

पाचव्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशक शहाणे झाले. २०१२ मध्ये त्यांनी कच्चे नियम खेळाडूंच्या हाती दिले, मते मागवली, आणि मग २०१४ च्या ऑगस्टमध्ये पुस्तक काढले. त्यातला एक नियम मला फार आवडला. परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. प्रतिकूल असेल तर लहान. बेरजा-वजाबाक्यांचे अर्धे पान या एका ओळीने वाचले. चांगले संपादन म्हणतात ते हेच. त्याच ऑगस्टच्या १ तारखेला पालघर जिल्हा झाला आणि आम्ही वसईकर ठाणे जिल्ह्यातून पालघरात गेलो. विहीर तीच, चिंच तीच. पत्ता तेवढा नवा. आजही पाकिटावर माझ्या हातून ‘जि. ठाणे’ लिहिले जाते.

इतके वाचल्यावर भाच्याचे दुःख मला नवे वाटेना, कारण ते मी लहानपणी भोगले होते.

मला बुद्धिबळ आजोबांनी शिकवले, ते देशी रीतीचे. आमच्या पडवीत प्यादे पहिल्या खेपेलाही एकच घर चाले. राजाला किल्लेकोट नव्हता. शह बसण्यापूर्वी एकदाच त्याला घोड्याची उडी घेता येई. प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची, आणि समोरच्याची सारी मोहरी मारून राजा उघडा पाडणे ही बुर्जी, म्हणजे पुरता विजय नव्हे. जिंकणे पुरेसे नव्हते. कसे जिंकलात हेही पाहिले जाई. हे सौंदर्यशास्त्र मला आजही पाश्चात्य रीतीत सापडत नाही.

शाळेत असताना मी एका स्पर्धेत उतरलो. समोरच्या मुलाने प्यादे दोन घरे सरकवले, मी हरकत घेतली. थोड्या वेळाने मी धीर करून माझे प्यादे दोन घरे टाकले, तर त्याने आपल्या प्याद्याने ते जाता जाता तिरपे मारले! मी पुन्हा हरकत घेतली आणि भोवतालची मुले हसली. घरी येऊन मी पट आजोबांपुढे आपटला. ते रागावले नाहीत. “तुझ्या रीतीने एक डाव, माझ्या रीतीने एक,” असा त्यांनी तह केला, आणि तो शेवटपर्यंत पाळला.

हा पालट केवळ आमच्या पडवीतला नव्हता. पेशवाई अजून उभी असताना, १८१४ साली, त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील संस्कृत पुस्तक मुंबईत इंग्रजीत छापले गेले, तेव्हा ते युरोपीय रीतीशी जुळवून घेतल्याचे त्याच्या नावातच सांगावे लागले. देशी रीतीवर वाढलेला पंजाबचा मीर सुलतान खान पाश्चात्य नियम शिकून १९२९, १९३२ आणि १९३३ असा तीनदा ब्रिटनचा विजेता झाला. नव्या नियमांनी त्याला जग मिळाले. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली, तोही त्याच सामाईक नियमांचा प्रसाद. तेव्हा पालट झाला म्हणून गळा काढावा असे मी म्हणत नाही.

तथापि गेले काय, ते नेमके सांगितले पाहिजे. आजोबांकडून देशी रीत कोणी काढून घेतली नाही. पट होता, मोहरी होती. गेले ते समोर बसणारे. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गळाले, तरी आजोबा पत्रांत ते देतच राहिले. पत्र एकट्याला लिहिता येते. डाव एकट्याला मांडता येत नाही. नव्या आवृत्तीची वार्ता आली की खेळाडू चवताळतात, त्याला कोणी हट्ट म्हणतो, कोणी पैशाचा हिशेब म्हणतो. दोन्ही थोडे थोडे खरे आहे. पण मुळाशी भीती आहे ती शनिवार रात्रीची. पाचांतले दोघे नव्या पुस्तकाकडे गेले, तर डोंबिवलीचा गडी दोन गाड्या बदलून कशासाठी येईल?

म्हणून नियमांच्या पुस्तकाची माझी कसोटी साधी आहे. नवा नियम जुन्यापेक्षा हुशार आहे का, हे मी नंतर पाहीन. जुना खेळाडू आणि नवा खेळाडू एका सतरंजीवर बसू शकतात का, हे आधी. २०१२ ची रीत या कसोटीला उतरली, २००८ ची उतरली नाही. २०२४ चे पुस्तक निम्मे उतरते. उरलेले निम्मे खेळाडूंनी आपल्या पदरचे घालायचे आहे.

भाच्याच्या मंडळींनी ते घातले. पुष्कळ वादावादीनंतर ठरले की नियम नवे, पण अर्ध-ऑर्क तसाच राहील. हा ठराव त्यांनी नव्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने लिहून खाली पाचांनी सह्या केल्या. मला तो दाखवताना भाचा म्हणाला, “मामा, आता मला तुमच्या आजोबांची रीत शिकवा.”

मी मोठ्या उत्साहाने पट मांडला. दहा-बारा खेळ्या झाल्या, आणि त्याचे एक प्यादे शेवटच्या घरात जाऊन पोचले. ज्या मोहऱ्याचे घर, ते मोहरे मिळायचे, एवढे मला आठवत होते. पण हे घर होते राजाचे. तेथे पोचलेल्या प्याद्याचे आजोबा काय करीत, ते काही केल्या आठवेना. विचारणार कोणाला? आमच्या पडवीच्या नियमांची आवृत्ती कधी निघालीच नव्हती.

भाच्याने कागद-पेन्सिल पुढे केली. म्हणाला, “आठवते तेवढे तरी लिहून ठेवू.”

त्या डावात ते प्यादे आम्ही तसेच उभे ठेवले.