रेषालेखक वसंत सरवटे

मराठी नियतकालिकांच्या अनुक्रमणिकेत चित्रकाराचे नाव बहुधा शेवटी, ‘सजावट’ या शब्दापुढे येते. चित्र म्हणजे मजकुराचा अलंकार, ही समजूत त्या शब्दात गृहीत आहे. वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांच्या कामाचा विचार करताना ही समजूत अपुरी ठरते.

कोल्हापूरला जन्मलेले सरवटे व्यवसायाने स्थापत्य अभियंता होते. मुंबईत एका सिमेंट कंपनीत नोकरी करीत असताना त्यांनी नियतकालिकांसाठी व पुस्तकांसाठी चित्रे काढली. त्यांच्याआधीच्या पिढीत दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी चित्रकला हाच व्यवसाय केला आणि १९४५ साली ‘दीपावली’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. रंगांचा विलास आणि रूपाची मोहिनी ही दलालांची बलस्थाने. व्यापक वाचकवर्गाला चित्राची गोडी लावण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते. सरवटे यांची चरितार्थासाठी चित्रावर भिस्त नव्हती. संपादकाला किंवा बाजाराला रुचेल तेच काढण्याच्या सक्तीतून त्यांची रेषा त्यामुळे बऱ्याच अंशी मोकळी राहिली, असे म्हणता येईल.

ही रेषा बारीक, मितव्ययी आणि वरवर पाहता भाबडी आहे. छायाप्रकाशाचा आधार ती फारसा घेत नाही. माणसाची बसण्याउभे राहण्याची ढब टिपून ती थांबते. पु. ल. देशपांडे यांच्या विनोदी लेखनाच्या संदर्भात तिचे सामर्थ्य विशेष जाणवते, कारण दोघांचाही विषय मध्यमवर्गीय माणूस हाच होता.

१९६४ साली सुरू झालेल्या ‘ललित’ मासिकातील ‘ठणठणपाळ’ हे याचे उत्तम उदाहरण होय. जयवंत दळवी टोपणनावाआड राहून साहित्यिकांची थट्टा करीत. लेखक अदृश्य असलेल्या या सदराला सरवटे यांनी देह दिला, आणि वाचकाच्या मनात ठणठणपाळ त्याच रूपात स्थिरावला. येथे चित्र मजकुरामागून येत नाही. मजकुराचा वक्ताच ते निर्माण करते. ‘ललित’च्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर तर त्यांनी साहित्यव्यवहारावरच भाष्य केले. मजकुराचा आधार नसतानाही ही चित्रे वाचावी लागतात. ‘रेषालेखक’ ही त्यांच्याविषयी रूढ झालेली संज्ञा या अर्थाने यथार्थ आहे. ‘व्यंगकला-चित्रकला’ या पुस्तकातून त्यांनी या कलेची मीमांसाही केली.

या रेषेलाही मर्यादा आहे. दुःखाच्या किंवा क्रौर्याच्या थेट दर्शनापाशी ती संकोचते आणि मिस्कीलपणाचा आश्रय घेते. परंतु जे तिच्या कक्षेत येते, ते ती कोणाचाही अपमान न करता उघडे करते.

नियतकालिकांचे खंड बांधताना अनेकदा मुखपृष्ठे काढून टाकली जातात. नव्या आवृत्तीत जुनी चित्रे गळतात. चित्राला सजावट मानले की त्यात काही गैर वाटत नाही. सरवटे यांच्या बाबतीत मात्र त्या कृतीने ग्रंथाचे एक पान नव्हे, एक भाष्यकारच नाहीसा होतो.