ड्यूराची उत्सवपत्रिका : आज्ञा आणि श्रद्धा

रोमन सैन्याच्या धर्मजीवनाविषयी जे प्रतिपादन केले जाते, त्याचा फार मोठा भार एका जीर्ण पपायरसावर आहे. सीरियात युफ्रेटिसकाठच्या ड्यूरा-युरोपोस येथे 1931-32 च्या उत्खननात हा लॅटिन लेख सापडला. फिंक, होई व स्नायडर यांनी तो 1940 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. ‘फेरियाले ड्यूरानुम’ या नावाने परिचित असलेली ही उत्सवपत्रिका इ. स. 225 च्या सुमाराची, सेव्हरस अलेक्झांडरच्या कारकिर्दीतील असून विसाव्या पाल्मिरी पलटणीच्या दप्तरातील आहे.

तीत 3 जानेवारीचे नवस, 21 एप्रिलचा रोमनगरीचा जन्मदिन, मे महिन्यात दोनदा येणारा ध्वजांच्या पुष्पपूजेचा विधी, असे दिवस व त्या त्या दिवशी द्यावयाचे बळी नोंदलेले आहेत. परंतु सर्वाधिक जागा व्यापली आहे ती सम्राटांनी व त्यांच्या कुलाने. इ. स. 19 मध्ये निवर्तलेल्या जर्मॅनिकसचा जन्मदिनही दोन शतकांनंतर पाळला जात होता. याउलट पाल्मिरी देवतांचा मात्र उपलब्ध भागात उल्लेखही नाही.

या मौनावरून ही पत्रिका पौर्वात्य सैनिकांच्या रोमनीकरणाचे साधन होती, असा निष्कर्ष काढण्यात आला. नॉक यांनी 1952 मध्ये या प्रश्नाचा पुनर्विचार केला, आणि तो आवश्यकच होता. पलटणीने राज्याच्या वतीने काय करावयाचे, एवढेच ही पत्रिका सांगते. सैनिकाने कोणास भजावे, हे ती सांगत नाही. तिच्या मौनास निषेध समजणे हा साधनाच्या स्वरूपाविषयीचा गैरसमज होय.

ड्यूरा येथीलच पुरावा या गैरसमजाचे निराकरण करतो. पाल्मिरी देवतांच्या मंदिरातील भित्तिचित्रात याच पलटणीचा अधिकारी जूलियस टेरेन्टियस ध्वजासमोर धूप अर्पण करताना दिसतो. चित्रातील तीन सशस्त्र मूर्ती देवांच्या की सम्राटांच्या, याविषयी मतभेद आहेत. परंतु खाली पाल्मिरा व ड्यूरा या नगरांच्या भाग्यदेवता नावांसह रेखाटलेल्या आहेत. म्हणजे पत्रिकेने न नेमलेल्या स्थानिक देवतांच्या सान्निध्यात खुद्द अधिकारीच पलटणीच्या ध्वजासह पूजा करीत होता.

सारांश, ही पत्रिका सैनिकांच्या अंतःकरणाचा नव्हे, तर सम्राटाशी असलेल्या त्यांच्या बांधिलकीचा आलेख आहे. शिवाय अशी सविस्तर लष्करी पत्रिका ही एकच उपलब्ध आहे. तिच्यावरून समग्र सैन्याच्या श्रद्धेचे चित्र रंगविणाऱ्याने प्रथम आज्ञा व श्रद्धा यांतील अंतर मोजले पाहिजे.