सद्गुणातील प्रगतीची ओळख : प्लुटार्कच्या एका निबंधाचे परीक्षण

मनुष्य सद्गुणात पुढे जात आहे की जागच्या जागी उभा आहे, हे त्याला स्वतःला कशावरून कळावे? हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या पाठशाळेतील नाही. वीस वर्षे प्रार्थना व उपासना करूनही क्रोध सुटत नाही म्हणून निराश झालेला मनुष्य आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्या तोंडी हाच प्रश्न असतो. आणि ज्याच्या मनात तो कधीच उद्भवत नाही, त्याची चिंता तर अधिकच वाटावी. या प्रश्नावर ग्रीक भाषेत एक स्वतंत्र निबंध उपलब्ध आहे. त्याचे मोल काय व मर्यादा कोणत्या, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

निबंधाचा कर्ता प्लुटार्क हा बिओशिया प्रांतातील खैरोनिया या लहान नगराचा रहिवासी. त्याचा जन्म इ. स. 46 च्या सुमारास झाला. डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरात त्याने पुजारी म्हणून दीर्घकाळ सेवा केली. ‘मोरालिया’ या नावाने संगृहीत झालेल्या त्याच्या सत्तरांहून अधिक लेखनकृतींत हा निबंध येतो. तो सोसियस सेनेसिओ या रोमन मित्राला उद्देशून लिहिलेला आहे. हा मित्र इ. स. 99 व 107 मध्ये रोमचा कॉन्सल होता.

निबंधाचा आरंभ वादाने होतो. स्टोइकांच्या मते सद्गुण व दुर्गुण यांच्यामध्ये पायरी नाही. जो ज्ञानी नाही तो सर्वथा मूढ, मग तो ज्ञानाच्या कितीही जवळ आलेला असो. प्लुटार्क विचारतो, सकाळी अत्यंत नीच असलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत परिपूर्ण होत असेल, तर एवढे स्थित्यंतर त्याच्या स्वतःच्या लक्षात कसे येणार नाही? आजारातून उठणाऱ्याला आराम पडत असल्याचे जाणवते, संगीत शिकणाऱ्याला आपले अज्ञान कमी होत असल्याचे कळते. मग सद्गुणाच्याच बाबतीत पायऱ्या का नसाव्यात?

हा युक्तिवाद अनुभवाला धरून आहे, परंतु प्रतिपक्षाला त्यात पुरता न्याय मिळत नाही. स्टोइकांनीही ‘प्रोकोपे’, म्हणजे प्रगती, या शब्दाला आपल्या शिकवणीत स्थान दिले होते. सेनेकाने आपल्या पंच्याहत्तराव्या पत्रात प्रगती करणाऱ्यांचे तीन वर्ग सांगितले आहेत. एपिक्टेटसने तर या विषयावर एक स्वतंत्र प्रवचन केले. मल्लाने आपली वजने दाखवून भागत नाही, खांदे दाखवावे लागतात. तसेच ग्रंथ वाचल्याचे सांगून प्रगती सिद्ध होत नाही, असा त्याचा आशय आहे. प्लुटार्कचे म्हणणे याहून फार दूर नाही.

वाद संपल्यावर निबंध खऱ्या अर्थाने उपयुक्त होतो. प्लुटार्क एकामागून एक लक्षणे देतो. पहिले लक्षण सातत्याचे. भर समुद्रात किनारा दिसत नसताना नावाडी गेलेला वेळ व वाऱ्याचा जोर यांवरून अंतर ठरवतात. त्याचप्रमाणे प्रयत्नात किती खंड पडला आणि खंडांतील अंतर वाढते की घटते, हे साधकाने पाहावे. दुसरे लक्षण नम्रतेचे. दाणे भरलेले कणीस खाली वाकते, पोकळ कणीस ताठ उभे राहते. भाताची वा ज्वारीची शेती पाहिलेल्या आपल्या वाचकाला हा दाखला समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरे लक्षण बोध सहन करण्याचे. गुत्त्यात दिसलेला एक तरुण लाजून आणखी आत पळाला, तेव्हा डायोजिनीसने त्याला सुनावले की, तू जितका आत पळशील तितका गुत्त्यातच राहशील. दोष झाकणारा दोषात अधिक खोल जातो, हे मर्म एवढ्या थोडक्यात क्वचितच सांगितले गेले असेल. याच्या उलट उदाहरण हिपोक्रेटीसचे: कवटीच्या सांध्यांविषयी आपली झालेली चूक या थोर वैद्याने स्वतःच लिहून ठेवली.

आणखी एक लक्षण साक्षीदारांविषयीचे आहे. चांगले कृत्य करून जो ते कोणालाही सांगत नाही आणि तरी समाधानी असतो, तो पुढे गेला आहे असे समजावे. शेवटचे लक्षण असे की, प्रगती करणारा कोणताही दोष क्षुल्लक मानत नाही. भिंत नीट बांधू पाहणारा गवंडी हाती येईल तो दगड लावत नाही.

ही लक्षणे वाचताना दोन उणिवा जाणवतात. पहिली अशी की, हा निबंध फुरसत असलेल्यांसाठी लिहिला आहे. वाचन, वादविवाद, विद्वानांचा सहवास यांचा त्यात वारंवार उल्लेख येतो. दिवसभर राबणाऱ्या स्त्रीने वा मजुराने आपली प्रगती कशी ओळखावी, याचा विचार त्यात नाही. दुसरी उणीव स्वप्नांविषयीची. झेनोचा आधार घेऊन प्लुटार्क म्हणतो की, स्वप्नातही मन अनुचित गोष्टींत रमत नसेल तर ते प्रगतीचे चिन्ह आहे. आधीच शंकाकुल झालेल्या अंतःकरणाच्या हाती हे लक्षण देणे धोक्याचे आहे. ज्यावर इच्छेचा ताबा नाही त्याचा हिशेब मागितल्याने मनुष्य सुधारत नाही, केवळ भयभीत होतो.

परंतु मुख्य अडचण याहून खोल आहे. येथे मोजणारा व मोजला जाणारा एकच आहे. कोणाला न सांगता केलेले सत्कृत्य मनुष्य स्वतःला तर सांगतोच! लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील परूशी आपल्या उपवासांचा व दशमांशाचा हिशेब चुकीचा देत नाही. हिशेब बरोबर असूनही तो नीतिमान न ठरता घरी जातो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ‘प्रोकोपे’ हा शब्द व त्याचे क्रियापद नव्या करारातही येते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रगती सर्वांना दिसून यावी अशी अपेक्षा आहे. पण गलतीकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल तेच क्रियापद आपल्या पूर्वायुष्याला लावतो: मंडळीचा छळ करीत असतानाच तो समवयस्कांच्या पुढे जात होता. सातत्य होते, आवेश होता, तुलनाही होती. दिशा मात्र चुकली होती. नावाड्याच्या दाखल्यात नेमके हेच राहून गेले आहे. वेळ व वारा यांवरून अंतर कळते, बंदर कळत नाही.

म्हणून हा निबंध टाकून द्यावा काय? मुळीच नाही. चौथ्या शतकात संत बेसिलने तरुणांना ग्रीक वाङ्मय मधमाशीप्रमाणे निवडून वाचण्याचा सल्ला दिला, तो येथेही लागू आहे. इग्नेशियस लोयोलाच्या 1548 साली छापलेल्या आध्यात्मिक साधनांच्या पुस्तकात एका विशिष्ट दोषाची दररोज नोंद करून दिवसाची दिवसाशी व आठवड्याची आठवड्याशी तुलना करण्यास सांगितले आहे. प्लुटार्कचे सातत्याचे लक्षण याच्या अगदी जवळचे आहे. भेद एवढाच, पण महत्त्वाचा, की त्याच पुस्तकातील सामान्य आत्मपरीक्षणात आरंभी देवाचे आभार मानले जातात आणि आपले पाप ओळखण्याची कृपा मागितली जाते. मोजण्याचा दिवाच तेथे मागून घेतलेला असतो.

धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी या निबंधातून तीन लक्षणे निःशंकपणे घ्यावीत: पतनांमधील अंतर वाढणे, बोध ऐकण्याची तयारी वाढणे आणि लहान दोषाविषयीची बेफिकिरी कमी होणे. यांपैकी पहिले निराश झालेल्याला धीर देते, कारण क्रोध संपला नसला तरी तो पूर्वीइतका वारंवार येत नाही, हे त्याला दाखवून देता येते. दुसऱ्याची साक्ष घरची माणसे देऊ शकतात, आणि ती साक्ष आपल्या स्वतःच्या साक्षीहून अधिक विश्वसनीय असते. तिसरे लक्षण आत्मसंतुष्टाला जागे करते. बाकीचा हिशेब ज्याच्या हाती आहे त्याच्याकडेच सोपवणे हे शहाणपणाचे.