तीन मेणबत्त्या लावून बघा

‘कृतीतून विज्ञान’ हे आता सगळ्यांनाच मान्य आहे. पुस्तकात ‘करून पहा’ असतं, शाळेत विज्ञान जत्रा असते. माझा आक्षेप कृतीवर नाही, कृतीनंतर जे होतं त्यावर आहे.

नेहमीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी चढतं, आणि फळ्यावर निष्कर्ष येतो: हवेतला एकपंचमांश ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. मुलं वहीत उतरवून घेतात.

आता एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पाणी जास्त चढतं. ग्लासातला ऑक्सिजन काय तिप्पट झाला? नाही ना! ज्योतीने हवा तापून फुगते, काही बुडबुड्यांवाटे निसटते. ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकसते. पाणी चढतं ते मुख्यतः त्यामुळे. शिवाय सगळा ऑक्सिजन संपायच्या आधीच ज्योत विझते. म्हणजे हात चालले, पण उत्तर आधीच ठरलेलं होतं. पाठांतरच झालं, फक्त साहित्य घेऊन.

याउलट होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम बघा. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत ‘किशोर भारती’ आणि रसुलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ने तो सुरू केला, १९७८ पासून तो जिल्हाभर पसरला. त्याच सुमारास अरविंद गुप्ता पुण्यातली इंजिनिअरची नोकरी काही काळ बाजूला ठेवून तिथे गेले, आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी तिथे घडली. ती खेळणी आपण उचलली. पण त्या कार्यक्रमाचा कणा वेगळाच होता. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रश्न होते, तयार उत्तरं नव्हती. परीक्षेत पुस्तक-वही उघडी ठेवायची मुभा होती, आणि प्रयोगाचीही परीक्षा होती. परीक्षा बदलली म्हणून वर्ग बदलला!

त्यातही उणीव होती, ती सांगायलाच हवी. मुलं सगळंच स्वतः शोधतील, हा आग्रह ताणता येत नाही. पानाचे गट पाडता येतात. अणू मात्र वर्गात हाताला लागत नाही. तिथे शिक्षकाने नीट सांगावंच लागतं. आणि मुलांच्या अनपेक्षित प्रश्नांपुढे उभं राहायचं, तर शिक्षकाला सतत आधार लागतो. सरकारने २००२ मध्ये कार्यक्रमच बंद केला, त्याने ही उणीव काही भरून निघाली नाही.

तेव्हा पुढच्या विज्ञान जत्रेत मॉडेल किती छान, हे विचारू नका. मुलीला एवढंच विचारा: ‘हेच कारण कशावरून? दुसरं असेल तर कसं तपासशील?’ ती थांबली, विचारात पडली, तर गुण कापू नका. शिक्षण तिथेच चाललंय.