केला, झाला, दिला : ‘गोल!’ हा अनुबोधपट आणि त्याचे प्रेक्षक

जागतिक फुटबॉल स्पर्धेचा अंतिम सामना ३० जुलै १९६६ रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर झाला आणि त्यात इंग्लंडने पश्चिम जर्मनीचा जादा वेळेत ४–२ असा पराभव केला. हा शेवट ठाऊक नसलेला प्रेक्षक ‘गोल!’ ह्या अनुबोधपटास आता क्वचितच लाभत असेल. सामन्याचा निकाल जाणण्यासाठी कोणी हा चित्रपट पाहत नाही. तो पाहिला जातो तो बहुतांशी एका क्षणाची फेरतपासणी करण्यासाठी. आणि ही फेरतपासणी चित्रपटाच्या प्रकृतीशी फारशी जुळणारी नाही.

चित्रपटाचे दिग्दर्शन आबिदिन दिनो व रॉस डेव्हनिश ह्या दोघांचे. पहिले तुर्की चित्रकार, दुसरे दक्षिण आफ्रिकेचे. निवेदन ब्रायन ग्लॅन्व्हिल ह्यांनी लिहिले व नायजेल पॅट्रिक ह्यांनी वाचले. दूरचित्रवाणीवर ज्यांनी हा सामना कृष्णधवल पाहिला होता, त्यांना इंग्लंडचा तांबडा सदरा रंगीत दिसला तो येथे. संपूर्ण स्पर्धा हा चित्रपटाचा विषय असून अंतिम सामना हे त्याचे शेवटचे प्रकरण आहे. गर्दीतील चेहरे आणि पराभूतांच्या हालचाली ह्यांकडे त्याचा ओढा अधिक. प्रेक्षक मात्र एकशे एकाव्या मिनिटाची वाट पाहत बसतो.

त्या मिनिटाला जेफ हर्स्ट ह्यांनी मारलेला चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या अंगास लागून जमिनीवर आदळला व बाहेर उसळला. वेबर ह्यांनी तो डोक्याने दांडीवरून पलीकडे घालवला. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट रेषापंच तोफिक बहरामोव ह्यांच्याकडे गेले. दोघांना समान अशी भाषा नव्हती, असे नेहमी नमूद केले जाते. रेषापंचांच्या खुणेवर गोल मान्य झाला.

ह्या घटनेविषयी मराठीत तीन वाक्ये सहज संभवतात : हर्स्टने गोल केला, गोल झाला, पंचांनी गोल दिला. पहिल्यात कर्ता खेळाडू आहे, दुसऱ्यात कर्त्याची गरजच उरत नाही, आणि तिसऱ्यात सारा भार निर्णयावर पडतो. इंग्रज प्रेक्षकाचे कथन पहिल्या दोहोंत वावरते, जर्मन प्रेक्षकाचे तिसऱ्यात. एकच दृश्य पाहून दोघे भांडतात, कारण त्यांचा वाद दृश्याविषयी नसून क्रियापदाविषयी आहे. जर्मन भाषेने तर ‘वेम्बली-टोर’ असे सामान्यनामच घडवले. दांडीला लागून खाली आपटणाऱ्या कोणत्याही फटक्याला ते लावले जाते. पराभवाची तक्रार शब्दकोशात इतकी स्थिर झाल्याची उदाहरणे थोडी असतील.

इंग्रज चाहत्यांचा आवडता पुरावा रॉजर हंट ह्यांचा. ते गोलाजवळ होते, तरी उसळलेला चेंडू आत ढकलण्याऐवजी हात उंचावून वळले. अर्थात चेंडू आत गेलाच होता, असा हा युक्तिवाद. परंतु हंट ह्यांच्या हालचालीवरून सिद्ध होते ती हंट ह्यांची खात्री, चेंडूची जागा नव्हे. उलट बाजूने चित्र थांबवून रेषेकडे बोट दाखवणाऱ्यांचीही स्थिती फारशी वेगळी नाही. रेषेच्या नेमक्या प्रतलात नसलेल्या एका कॅमेऱ्याच्या चित्रात खोली हरवते, आणि चित्र कितीही संथ केले तरी ती परत येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातील इयन रीड व ॲण्ड्र्यू झिसरमन ह्यांनी १९९६ मध्ये ह्या चित्रफितींवरून भूमितीच्या साहाय्याने गणित मांडले. चेंडू पूर्णपणे रेषेपलीकडे गेला नव्हता, हा त्यांचा निष्कर्ष होय. आणि नियमाला संपूर्ण चेंडू पलीकडे गेलेला हवा असतो.

मग ‘झाला’ हे क्रियापद खोटे ठरले काय? जे. एल. ऑस्टिन ह्यांच्या १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत पंचाचा निर्णय निवाडापर उक्तींत मोडतो. अशी उक्ती वस्तुस्थितीविषयी असते, म्हणून ती चुकू शकते. तथापि चुकली तरी खेळाच्या चौकटीत तिचा परिणाम घडून गेलेला असतो. १९६६ मध्ये गोल ‘दिला’ गेला, म्हणूनच तो ‘झाला’. हा क्रम मान्य करणे दोन्ही पक्षांच्या चाहत्यांना जड जाते.

सर्वनामांचीही गंमत आहे. १९६६ नंतर जन्मलेले इंग्रज ‘आम्ही जिंकलो’ असे निःसंकोच म्हणतात. इंग्रजी व जर्मन ह्या भाषांना ऐकणाऱ्याला आत घेणारे ‘आपण’ आणि बाहेर ठेवणारे ‘आम्ही’ हा भेद ठाऊक नाही. मराठी अनुवादकाला मात्र दर वेळी विचारावे लागते, ऐकणारा कोण? ग्लॅन्व्हिल ह्यांचे निवेदन बहुशः तृतीय पुरुषी आहे. त्या निवेदनाला प्रेक्षक प्रथम पुरुषात उत्तर देतात. चित्रपटाचे मोठेपण आणि त्याची प्रेक्षकप्रियता ह्यांत येथे फारकत पडते.

सर्वांत अन्याय झाला तो एका विशेषणाने. इंग्रज चाहत्यांच्या कौतुकात बहरामोव हे ‘रशियन रेषापंच’ म्हणून राहिले. वस्तुतः ते सोव्हिएत संघातील अझरबैजानचे. ‘सोव्हिएत’ म्हणजे ‘रशियन’ ही तत्कालीन बोलण्यातली सैल सवय. ती कृतज्ञतेतही सुटली नाही. बाकू येथील क्रीडांगणास त्यांचे नाव असून २००४ मध्ये तेथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा इंग्लंडचा संघ सामन्यासाठी त्या शहरात आला होता. अनावरणास हर्स्टही उपस्थित होते.